नंबर खरा होता

१

"या मुलाला मी कधी पाहिलेलंच नाही," रेणुका खिल्लारे म्हणाल्या. "आणि ही सही माझी नाही."

तारनाक्याला त्यांच्या बैठकीत मी बसले होते. मांडीवर आठ महिन्यांची छोटी, हातात चार पानी रिपोर्ट. मी भांडायला आले नव्हते, हात जोडायला आले होते. मॅडम, एकदा परत तपासा, माझा ओंकार असा नाही हो, एवढंच म्हणायला काचीगुड्याहून दोन रिक्षा बदलून आले होते.

ओंकार सहा वर्षांचा आहे, पहिलीत. रिपोर्ट म्हणतो, बुद्ध्यांक अठ्ठावन्न, बौद्धिक अक्षमता, विशेष शाळेत घालावे. शाळा म्हणते, शुक्रवारपर्यंत दाखला घेऊन जा. आणि आज मंगळवार.

"पण मॅडम, नंबर तुमचाच आहे," मी म्हणाले. "मी स्वतः तपासला होता."

तपासला होता तो असाच नाही. शाळेनं ओंकारची तपासणी मागितली होती, आणि महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात सायकॉलॉजिस्ट शोधायला निघा एकदा. आमच्या स्टेशन रोडवरच तीन पाट्या आहेत. एकाने तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला, एक 'माइंड कोच', आणि एक बाई झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत हिप्नॉटिझम करतात. लायसन आहे का, असं विचारलं की प्रत्येकाचा चेहरा असा होतो, जसं काही मी त्यांच्या खानदानाबद्दल विचारलं. ज्यांच्याकडे खरंच आहे त्यांच्याकडे तीन महिने नंबर लागत नाही. शेवटी शाळेच्या काउन्सेलर शिल्पा मॅडमनीच विद्यानगरच्या एका केंद्राचं नाव दिलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजकाल कुणाचा भरोसा नाही ताई, नोंदणीचा नंबर तेवढा चेक करून घ्या हं." मी नोंदणीच्या वेबसाइटवर नंबर टाकला. नाव आलं, रेणुका उत्तमराव खिल्लारे, पत्ता तारनाका. मराठी नाव बघून तर मला रडूच आलं होतं. वाटलं, आपलं माणूस, माझ्या लेकराचं बोलणं हिला कळेल.

"नंबर खरा आहे," रेणुका मॅडम हळूच म्हणाल्या. "त्या केंद्रात मी तीन वर्षांपूर्वी चार महिने होते. सोडलं."

"का सोडलं?"

उत्तर पडद्यामागून आलं.

"कारण तो माणूस हिला मुलं न बघता सह्या कर म्हणत होता. हिनं केल्या नाहीत, पण बाहेर येऊन तोंडसुद्धा उघडलं नाही. माझी लेक, गप्प बसण्यात गोल्ड मेडल! आण तो कागद इकडं."

२

पडदा सारून आल्या त्या केसरबाई, मॅडमच्या आई. सत्तरीच्या, हातात अर्धवट सोललेल्या वालाच्या शेंगांचं ताट, नाकावर घसरलेला चष्मा. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढलेली. दुसऱ्याच्या जागी पेपर लिहायला बसलेले डमी पकडणं हे त्यांचं काम होतं.

"सही बघू नकोस," त्या मला म्हणाल्या. "सही कुणालाही गिरवता येते. डमी पकडायचा असेल तर दोन गोष्टी बघायच्या. त्याला जे माहीत पाहिजे ते माहीत नाही का. आणि जे माहीत नको, ते माहीत आहे का. वाच. इंग्रजी नको, मराठीत सांग."

छोटीला खांद्यावर घेऊन मी वाचत गेले. बरंचसं छापील होतं, कोणत्याही मुलाला लागू पडेल असं. ओंकारबद्दल अशी फक्त तीन वाक्यं होती.

पहिलं: मुलगा आपल्या आईला ओळखत नाही, आजीला 'आई' म्हणतो आणि जन्मदात्रीला 'वैनी', म्हणजे भावाची बायको.

दुसरं: बुटाचे बंद बांधता येत नाहीत; दुसऱ्यासमोर पाय पुढे करतो.

तिसरं: प्रश्न विचारला की उत्तर न देता विचारणाऱ्याकडे बघत राहतो.

केसरबाई खो खो हसायला लागल्या. "अगं, घरात दीर आहे का तुला?"

"आहे. बबलू भावजी. दिवसभर वैनी चहा, वैनी टॉवेल. आणि हे सासूबाईंना आई म्हणतात. ओंकार पण तेच शिकला."

"मग! माझा थोरला भाऊ मरेपर्यंत आमच्या मायला 'वैनी'च म्हणायचा. दोन पोरांचा बाप झाला तरी! एकत्र घरातलं लेकरू ऐकतं तेच म्हणतं. याला अक्कल म्हणतात, हा कागद रोग म्हणतो." हसता हसता त्यांचा आवाज चढला. "चार भिंतीतलं प्रेम उचललं आणि आजार म्हणून छापलं! रेणुके, तुझ्या नावावर!"

रेणुका मॅडमनी मान खाली घातली.

"म्हणजे लिहिणाऱ्याला आपली रीत माहीत नाही," मी म्हणाले. "आपल्यातलं कुणी नाही."

"हं," केसरबाई म्हणाल्या. शेंग सोलता सोलता त्या थांबल्या. "उद्या विद्यानगरला जाऊ. तुझ्या नवऱ्याला घेऊन ये."

३

हे यायला तयार नव्हते.

रिपोर्ट आल्यापासून ह्यांनी ओंकारशी नीट बोलणंच सोडलं होतं. रागावले नव्हते, मोडले होते. रात्री जेवताना म्हणाले, "माधवी, ती बाईच नंबर भाड्यानं देत असेल. आता अंगाशी आलं म्हणून नाही म्हणायली. आणि समज, रिपोर्ट खरा असला तर?"

"शिवराज!" सासूबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "माझ्या नातवाला येडा म्हणणाऱ्याच्या ताटात मी भाकर वाढत नसते. उठ."

ओंकार ह्यांच्या शेजारी बसून भाकरीचे तुकडे एका ओळीत लावत होता. त्याने वर पाहिलं, ह्यांच्याकडे, मग आजीकडे. आणि एक तुकडा उचलून ह्यांच्या ताटात ठेवला.

सकाळी हे आपणहून बूट घालून तयार होते.

४

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतीवर रेणुका मॅडमचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. जिवंत बाईला हार घातलेला बघून केसरबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, की मला हसावं की रडावं कळेना.

मालक भगवंतराव साठीचे, गोडबोले. "या या, बिरादार वहिनी! आपल्या माणसांचं केंद्र आहे हे." रेणुका मॅडम मागून आत आल्या तसं त्यांचं हसू गळून पडलं.

"माझी सही कोण करतं, भगवंतराव?"

"अहो मॅडम, काहीतरी गैरसमज. आमचं एक्स्पर्ट पॅनेल आहे. नावं गोपनीय असतात. ती स्कॅन सही चुकून... आमची रिसेप्शनिस्ट बघते ते सगळं. तिलाच विचारा."

एवढं बोलून त्यांना कुठलासा महत्त्वाचा फोन आला आणि ते जिना उतरून गेले ते गेलेच.

रिसेप्शनवर नुसरत बसायची. पंचविशीची, डोळ्यांत भीती. हे घाईनं माझ्या कानात म्हणाले, "हीच असेल. हिला कुठली आपली रीत माहीत?"

केसरबाईंनी तिला सरळच विचारलं, "बेटी, एखादं मूल आईला वैनी म्हणत असेल तर?"

नुसरत गोंधळली, मग हसली. "तो क्या हुआ, नानी? मेरा भाई तो अम्मी कू दुल्हन पाशा बोलता था. दादी बुलाती थी ना वैसा, उने भी वैसाइच. घर घर में होता."

ह्यांनी मान फिरवली. माझा संशय तिथेच गळला.

"शनिवारी ओंकारला इथं आणलं होतं, त्याची टेस्ट कुणी घेतली?" मी विचारलं.

"टेस्ट?" ती आवाज खाली आणून म्हणाली. "कौन लेता, बाजी? साहब बोले बच्चे कू ब्लॉक दे दो. मैं दी. उने रेल बनाया, आगे इंजन, पीछे पार्सल का डब्बा, प्लेटफॉर्म भी. मैं बोली, माशाअल्लाह, होशियार है. बीस मिनट में बाप-बेटा चले गए. रिपोर्ट तो साहब के पेनड्राइव पे आता, मैं खाली छापती."

"पण पेनड्राइव्हवर तो येतो कुठून?"

"मेरेकू नई मालूम, कसम से. खाली इत्ता मालूम, उस एक स्कूल के इस साल के ग्यारा बच्चे हो गए. सब का रिपोर्ट वैसाइच." तिने ओठ चावला. "तुम्हारा बच्चा जाते वक्त मेरेकू बाय किया. चप्पल उल्टी पहना था, खुद देख के सीधी किया."

केसरबाई खुर्चीत एकदम ताठ झाल्या.

"चप्पल?"

"हौ."

"शनिवारी शाळा नसते," मी म्हणाले. "बूट त्या दिवशी धुवायला असतात."

"आणि तू? तू कुठं होतीस त्या दिवशी?"

"घरी. छोटीला लस दिली होती, ताप होता. हेच घेऊन आले होते ओंकारला."

केसरबाई ह्यांच्याकडे वळल्या. "शिवराज, तुला इथं काय काय विचारलं? नीट आठव."

"नाव, वय, फोन नंबर," हे म्हणाले. "बस. मी बाहेरच बसून होतो."

त्या उठल्या आणि पदर खोचला. "काल मी पहिल्याच वाक्यावर हसत बसले, बाकीचं बघायचं राहून गेलं. चला. उद्या शाळेत जायचं."

"पण लिहिलं कुणी?"

"पोरी, उत्तर तुझ्या पदरात आहे. तूच काल मला वाचून दाखवलंस."

५

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी प्रिन्सिपल बाईंच्या केबिनमध्ये बसलो होतो. शिल्पा मॅडमही आल्या. मला बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, मला धीर आला. या शाळेत मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस. सकाळी ओंकारला सासूबाई सोडतात, दुपारी मी आणते, आणि दोन्ही वेळा गेटवर शिल्पा मॅडम उभ्या. एकदा तर त्यांनी स्वतः वाकून त्याच्या बुटाचा बंद बांधला होता. घरी येऊन मी कौतुकानं सांगितलं होतं सगळ्यांना.

"शिल्पाबाई," केसरबाईंनी सुरुवात केली, अगदी साध्या आवाजात. "मी म्हातारी, मला या रिपोर्टातलं कळत नाही. तुम्ही वाचलाय का हा?"

"नाही हो काकू. सीलबंद येतो, डायरेक्ट ऑफिसला. मी फक्त रेफर करते."

"आणि त्या केंद्रात कधी गेलात?"

"कधीच नाही. कॉन्फिडेन्शिअल असतं ना."

"मग हे वाक्य मला समजावून सांगा. पोरगं आईला वैनी म्हणतं."

शिल्पा मॅडमनी पान घेतलं, नजर फिरवली, माझ्याकडे वळून फार मायेनं म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. टेस्टच्या वेळी तुम्ही समोर असूनही त्यानं तुम्हाला वैनी म्हटलं असणार. एक्स्पर्ट लोक ते नोट करतात."

"मी समोर नव्हते," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी गेलेच नव्हते. सासूबाई पण नव्हत्या."

केसरबाईंनी चष्मा वर सरकवला.

"त्या केंद्रात ओंकारची माय नव्हती, आजी नव्हती, बूटसुद्धा नव्हते. मग तो आजीला काय म्हणतो, मायला काय म्हणतो, बंद बांधायला पाय कसा पुढं करतो, हे तिथं बसून कुणाला कळणार? बापाला कुणी विचारलं नाही. या तिन्ही गोष्टी एकाच जागी दिसतात. सकाळी आजी, दुपारी माय, पायात बूट. शाळेचं गेट. आणि दोन्ही वेळेला गेटवर उभं कोण राहतं, ते ही पोरगी मला वाटेत कौतुकानं सांगत होती."

प्रिन्सिपल बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागल्या.

"शिवाय," केसरबाई म्हणाल्या, "वैनी म्हणजे भावाची बायको, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. म्हणजे शब्द येतो, रीत येत नाही. मी आधी समजले आपल्यातलं कुणी नाही. चुकले. आपल्यातलंच, पण दोन खोल्यांच्या घरात मम्मी-डॅडीकडं वाढलेलं. काका नाही, काकू नाही, दीर नाही. बरोबर?"

"आणि नंबर तपासून घ्या, असं आपणहून कुणी सांगत नसतं," माझ्या तोंडून निघालं. आत्ता मला कळत होतं. "तुम्ही सांगितलंत. कारण तपासल्यावर तो खराच निघणार होता."

शिल्पा मॅडमनी हातातलं पान टेबलावर आपटलं.

"हो, मी लिहिते! मग? एम.ए. केलंय मी. लायसनला पुढे आणखी दोन वर्षं, आणि जागा किती? मोजून! मूल काढायचं तर शाळेला रिपोर्ट दहा दिवसांत पाहिजे, खऱ्या लोकांकडे तीन महिन्यांची वेटिंग. भगवंतराव म्हणाले, तू लिही, नाव मी देतो. मी काय खोटं लिहिलं? रोज बघते मी या मुलांना!"

"बघत होता," मी म्हणाले. "दीड वर्ष बघत होता. एकदाही विचारलं नाही. ओंकार, ही तुझी कोण रे, एवढंच विचारायचं होतं. वाकून बूट बांधता बांधता! मी तुम्हाला हात जोडायचे. घरी तुमचं नाव निघालं की माझ्या सासूबाई म्हणायच्या, देव माणूस आहे. आणि तुम्ही गेटवर उभं राहून माझ्या लेकराची माया टिपून घेत होता, अठ्ठावन्न आकडा लावायला!"

त्या रडायला लागल्या. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

प्रिन्सिपल बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मिसेस बिरादार, झालं ते झालं. हा रिपोर्ट आत्ता तुमच्यासमोर फाडते. ओंकार इथेच शिकेल, दहावीपर्यंत. लेखी देते. फक्त विषय या खोलीत संपवू या."

मला हवं होतं ते सगळं त्या टेबलावर होतं. हात पुढे केला की झालं.

मी रेणुका मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, तीन वर्षांपूर्वी सह्या न करता नुसता खिशात घातला होता त्या हाताकडे.

"बाकीची दहा मुलं कुठं आहेत?" मी विचारलं.

"कोणती दहा?"

"ओंकार धरून अकरा. त्यांचे दाखले नेले का त्यांच्या आयांनी? त्यांना पण सांगितलं होतं का, नंबर चेक करा म्हणून?"

प्रिन्सिपल बाईंचा पेपरवेट थांबला. त्यांना आकडा माहीत होता.

"कागद फाडू नका," मी म्हणाले. "तो मला पाहिजे."

आणि मग रेणुका मॅडम बोलल्या. मी त्यांचा आवाज असा आधी ऐकला नव्हता. "तक्रार माझ्या नावानं जाईल. नंबर माझा आहे. आणि तीन वर्षं उशीर का झाला, तेही मीच लिहीन."

केसरबाईंनी लेकीकडे पाहिलं. आणि तिच्या पर्सचा लोंबणारा पट्टा उचलून तिच्या खांद्यावर नीट ठेवला.

६

तक्रार गेली. केंद्राला टाळं लागलं, भिंतीवरचं प्रमाणपत्र नुसरतनं उतरवून हारासकट तारनाक्याला आणून दिलं. शुक्रवारी आम्ही दाखला न्यायला गेलो नाही. सोमवारी ओंकार आपल्या बाकावर जाऊन बसला, आणि त्याला ऊठ म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. अकरापैकी सहा घरं मला आतापर्यंत सापडलीत. छोटी झोपली की मी फोन लावते. एका आईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या मुलीला शाळेतून काढून सात महिने झाले होते.

खरी तपासणी रेणुका मॅडमनी तीन सकाळी घेतली. मराठीत. मी बाहेरच्या खोलीत, दार अर्धं उघडं. हेही होते, हातातलं हेल्मेट उगीच पुसत. कोडी झाली, चित्रं झाली, गोष्ट झाली. रेल्वेचं चित्र दाखवल्यावर ओंकारनं त्यांनाच सांगितलं की गार्डाचा डबा विसरलाय. शेवटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, सगळं वयाप्रमाणे आहे. शाळेत तीन भाषा एकदम कानावर पडतात म्हणून हा बोलण्याआधी तोलतो, एवढंच. ह्यांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पण मला आठवतो तो पहिल्या दिवसाचा प्रश्न.

"ओंकार, तुझी आई कुठं आहे?"

"घरी. मेथी निवडायलीय."

"मग ती बाहेर बसलीय ती कोण?"

ओंकारनं दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. आणि बघतच राहिला. तिसरं वाक्य. मॅडम मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवून वाट बघत राहिल्या. त्यांना घाई नव्हती.

"तुम्हाला माहीत नाही?" ओंकारनं विचारलं. त्याला खरंच नवल वाटत होतं.

"नाही. कुणी सांगितलंच नाही मला."

"ती वैनी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी तिच्या पोटातून आलोय. छोटी पण." मग जरा पुढे वाकून, मॅडमना वाईट वाटू नये अशा बेतानं, "विचारायचं ना कुणाला तरी."